चित्रकार नुसता बसलेला का दिसतो?

रायबंदरहून पणजीकडे येणारा तो लांबच लांब बांध पोर्तुगिजांनी १६३३-३४ च्या सुमारास घातला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. पावसाने जरा उघडीप दिली की इथे कुणी ना कुणी मांडीवर फळी घेऊन जलरंगात चित्र काढताना सापडतोच. माझा एक मित्र त्यांतला. गेल्या जुलैत मी त्याच्याबरोबर गेलो होतो, मुख्यतः छत्री धरायला.

त्याने पंधरा मिनिटं भराभर ब्रश चालवला आणि पुढची वीस मिनिटं मान वाकडी करून कागदाकडे नुसता बघत बसला. मासळीची पाटी घेऊन जाणारी एक बाई जाताना डोकावून गेली होती. परतताना ती थांबली आणि म्हणाली, "जालें ना मरे अजून?" हा म्हणाला, "सुकता पळय," म्हणजे सुकतंय, बघ. ती हसत निघून गेली. पटलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

पणजीत जलरंगांचं प्रदर्शन भरलं की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. ह्यांना हे सुचतं कुठून, हा पहिला. दुसरा जरा हळू आवाजात, किमतीची चिठ्ठी वाचून झाल्यावर: एवढ्याशा पाणी-पाणी चित्राला एवढे पैसे? दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या वीस मिनिटांत आहेत. पण तिथे जायचं तर आधी रंगाच्या ट्यूबमध्ये काय असतं ते बघावं लागेल.

पूड, डिंक आणि पाणी

कुठलाही रंग म्हणजे मुळात एक बारीक पूड. तिला रंगद्रव्य म्हणतात. ती कागदाला चिकटून राहावी म्हणून जलरंगात डिंक घालतात. हा डिंक बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा, म्हणजे बाळंतिणीच्या लाडवातल्या डिंकाचा भाऊबंदच. शिवाय ट्यूबमधला रंग दगड होऊ नये म्हणून थोडं ग्लिसरीन किंवा मध. शाळेच्या रंगपेटीतही तत्त्व हेच असतं, फक्त पूड कमी आणि भर जास्त.

तैलरंगात पूड जवसाच्या तेलात खललेली असते. ते तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्याला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे चित्रकाराला मन बदलायला सवड मिळते. जलरंगातलं पाणी मात्र वाहन आहे. पूड कागदावर उतरवून ते निघून जातं, आणि किती वेळात जाईल हे चित्रकाराच्या हातात नसतं.

पांढरा रंग कुठे आहे?

पारंपरिक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद.

हे समजायला आकाशकंदील आठवा. दिवा आत असतो, बाहेर पातळ रंगीत कागद. प्रकाश कागदातून गाळून येतो म्हणून कंदील उजळतो. जलरंगाचा थर असाच पारदर्शक असतो. उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंगातून परत बाहेर येतो. कागद हाच इथला दिवा. वर तीन-चार थर चढवले की दिवा मंदावतो, आणि चित्र 'मळलं' असं आपण म्हणतो ते त्यामुळेच. भिंतीला जसा एका रंगावर दुसरा रंग मारून पहिला झाकता येतो, तसं इथे होत नाही. गडद जागा पुन्हा उजळ करणं जवळपास अशक्यच. ओल्या ब्रशने थोडा रंग उचलून घेता येतो, पण कागदाचा मूळचा कोरेपणा परत येत नाही.

म्हणून जलरंगवाल्याला उलटा विचार करावा लागतो. पणजीचं पांढरं चर्च काढायचं तर तो चर्च काढतच नाही. मागचं आकाश, बाजूची झाडं, जिन्याच्या सावल्या काढतो. मध्ये राहतं ते चर्च. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतात उभा बगळाही असाच, सभोवतालची हिरवाई रंगवून मध्ये सोडलेला. कुठे ब्रश लावायचा नाही हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं, कारण नंतर ठरवून उपयोग नसतो.

ह्याचा कळस बघायचा असेल तर आपल्या शेजारच्या सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर बघावेत. 'ग्लो ऑफ होप' हे त्यांचं १९४५-४६ चं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा धरलेली स्त्री, ज्योतीवर आडवा धरलेला दुसरा हात आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. अनेकजण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंगातलं आहे. तो उजेड म्हणजे कागद आहे, हे एकदा कळलं की त्या चित्रापुढून लवकर हलता येत नाही.

सारवलेलं अंगण

आता त्या वीस मिनिटांकडे.

अंगण नुकतंच सारवलं असेल आणि त्यावर पाऊल पडलं तर ठसा पसरतो, कडा राहत नाहीत. अर्धवट सुकलेलं असेल तर ठसा उमटतो आणि घाण दिसतो. पूर्ण सुकलं की चालून गेलेलं कळतही नाही. ओला कागद ह्याच पायऱ्यांतून जातो.

चित्रकार आधी वॉश देतो, म्हणजे पातळ रंगाचा मोठा सलग हात. लगेच कागद चकाकतो. ह्या चकाकीत दुसरा रंग सोडला तर तो मोकाट पसरतो. जुलैतल्या ढगांना हे बरं, दुसऱ्या कशाला नाही. मग चकाकी मावळून साटीनच्या कापडासारखी मंद झाक उरते. हा काळ सोन्याचा. आता लावलेला रंग जागा सोडत नाही, पण कडा मऊ राहते. धुक्यातले माड, पल्याडचं दिवाडी बेट, फेरीबोटीचं पाण्यातलं हलतं प्रतिबिंब हे सगळं ह्याच मिनिट-दोन मिनिटांत उतरवायचं असतं. त्यानंतर कागद वरून सुकल्यासारखा दिसतो पण आत ओल असते. इथे नवशिक्या फसतो. भरलेला ब्रश लागला की त्यातलं पाणी अर्धवट बसलेल्या पुडीला बाहेर ढकलतं आणि मध्येच फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. चित्रकारांच्या बोलण्यातही त्याला 'कॉलीफ्लॉवर'च म्हणतात. पूर्ण सुकल्यावर मग कडक कडेची कामं: खिडक्या, होडीचा काठ, विजेची तार.

तर माझा मित्र मान वाकडी करून बघत होता ती चकाकी. कागदावर उजेड तिरका पडला की ओल किती राहिली ते दिसतं.

आणखी दोन गोष्टी तो डोक्यात धरून होता. ओला रंग गडद दिसतो आणि सुकल्यावर निदान एक पायरी फिकटतो. मिरामारला लाट परतल्यावर वाळू गडद दिसते आणि पाच मिनिटांत फिकी पडते, त्याचं कारण हेच आहे. कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की प्रकाश पृष्ठभागावर कमी विखुरतो आणि आत खोल शिरून अडकतो. त्यामुळे चित्रकार 'हवा त्याहून गडद' रंग लावतो आणि सुकेपर्यंत धीर धरतो. दुसरी गोष्ट चहाच्या डागाची. चहा सांडून सुकला की डागाची कडा मधल्यापेक्षा गडद होते. थेंबाच्या कडेचं पाणी आधी उडतं, ती जागा भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना पूड बरोबर आणतं. जलरंगातल्या पानांना, ढगांना जी नाजूक रेघ आपोआप आलेली दिसते ती बहुधा कुणी काढलेली नसते. ती चहाच्या डागाची रेघ असते.

गोव्याच्या हवेत हे घड्याळ बिघडतं

परदेशी शिक्षकांच्या व्हिडिओत बघून शिकलेली मुलं इथे येऊन रडकुंडीला येतात ती ह्या मुद्द्यावर. व्हिडिओत शिक्षक म्हणतो, पाच मिनिटं थांबा. इथे जुलैत पाच मिनिटांत काहीही होत नाही.

चवथीच्या आधी घराघरांत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले असतात आणि तरी त्यांचा कुबट वास जात नाही. हवा बाष्पाने आधीच भरलेली असते, त्यामुळे कपड्यांतलं पाणी जाणार कुठे? गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ह्या दिवसांत आकाशाचा वॉश अर्धा-पाऊण तास चकाकत राहतो. तेवढ्यात ढगांच्या कडा इतक्या पसरतात की आकाशाची पेज होते. उपाय दोनच. एक, पाणी कमी घ्यायचं, रंग दाट ठेवायचा. दोन, कागद मोटारीत नेऊन एसीसमोर धरायचा. मित्र दुसरा उपाय सर्रास करतो आणि कुणी बघितलं तर लाजतो. घरी हेअर ड्रायर असतोच, पण तो चकाकी गेल्यावरच लावायचा. आधी लावला तर वारा रंगाचं तळंच एका बाजूला ढकलून देतो.

एप्रिल-मेमध्ये तक्रार उलटी. उन्हात बसलात तर वॉश कागदाच्या अर्ध्यावर पोहोचेपर्यंत वरचा अर्धा सुकलेला असतो आणि मध्ये नको ती रेघ पडते. मे महिन्याच्या सुरुवातीला आपल्याकडे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. सावल्या पायाखाली गोळा होतात आणि झाडं, घरं सगळं चपटं दिसतं. त्यामुळे सकाळी नवाच्या आत नाहीतर चारनंतर. डिसेंबर-जानेवारीत घाटाकडून कोरडा वारा येतो, कागद शहाण्यासारखा वागतो. बाहेर बसून काढणारे बहुतेकजण तेव्हाच बाहेर पडतात. माझा मित्र मात्र पावसाळाच धरून बसतो. त्याचं म्हणणं, डिसेंबरात चित्र चांगलं होतं आणि जुलैत कधीतरी एखादं भन्नाट होतं. हे हट्टाचं बोलणं आहे असं मला वाटतं, पण त्याची माझ्या घरातली तिन्ही चित्रं पावसाळ्यातलीच आहेत.

दमट हवेचा मार कागदालाही बसतो. चांगला कागद सुती धाग्यांचा असतो. तो टिपकागदासारखा पाणी पिऊन टाकू नये म्हणून त्यात जिलेटिनसारखा पदार्थ भरलेला असतो, त्याला सायझिंग म्हणतात. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाणं. दोन पावसाळे कपाटात राहिलेला कागद वरून कोराकरकरीत दिसतो, आणि वॉश दिला की देवी आल्यासारखे गडद ठिपके उमटतात. सायझिंग गेलं, कागद गेला. म्हणून इथले लोक कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतात. पॅलेटवरचे रंग ग्लिसरीनमुळे पावसाळाभर चिकटच राहतात आणि त्यांवरही बुरशीचे केस येतात. त्यावर लवंगेच्या तेलाचा थेंब.

सुचतं कुठून?

'प्रेरणा' हा शब्द मित्रासमोर काढला की तो विषय बदलतो. जागेवर गेल्यावर तो काय करतो एवढं मी सांगू शकतो. आधी डोळे बारीक करतो. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील गळून पडतात आणि उजळ, मध्यम, गडद असे तीनच गठ्ठे उरतात. मग काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने ते गठ्ठे मांडतो. गठ्ठे जुळले नाहीत तर समोर ताजमहाल असला तरी उठतो. सावल्या मात्र पहिल्या मिनिटातच ठरवून टाकतो, कारण सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. चित्राच्या डाव्या बाजूला सकाळचे आठ आणि उजव्या बाजूला साडेनऊ वाजलेली चित्रं मी बघितली आहेत.

त्यामुळे विषय बहुतेक वेळा क्षुल्लक असतात: खाजनाच्या बांधावरची मानस, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवणारं लाकडी दार, माला-फोंतेन्यासमधली ओल आलेली पिवळी भिंत, मंगेशीच्या तळीत उलटा पडलेला दीपस्तंभ. पर्यटकांच्या फोटोत येणारा समुद्रकिनारा जलरंगात बहुधा कंटाळवाणा होतो. आडव्या तीन पट्ट्या, संपलं.

रंगांचंही तसंच. पेटीत बारा-चौदा असले तरी जुलैत तो दोनच ट्यूब वारंवार उघडतो: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. दोन्ही मिसळले की करडा होतो. निळा जास्त तर पावसाचा ढग, तपकिरी जास्त तर भिजलेली भिंत. शिवाय अल्ट्रामरीनची पूड कागदाच्या खळग्यांत गाळासारखी बसते आणि आकाश दाणेदार होतं.

ह्यातला बर्न्ट सिएना मला फार आवडतो, पण त्याचं कारण चित्रकलेतलं नाही. तो लोहाचा ऑक्साइड आहे. पिवळसर माती भाजली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती तांबडी होते. नावातला 'बर्न्ट' तो. आपला जांभा दगड, आपले चिरे, तांबडे ते लोहाच्या ऑक्साइडनेच. मातीची कौलं भट्टीत भाजल्यावर लाल होतात तीही ह्याचमुळे. म्हणजे गोव्याची वाट, भिंत आणि छप्पर रंगवताना तो जवळपास तोच पदार्थ कागदावर ठेवत असतो. पावसाळ्यात मांडवीत उतरणाऱ्या तांबड्या पाण्यासाठी वेगळा रंग शोधावा लागत नाही.

सगळे असंच काम करतात असं मात्र नाही. सांत इस्तेव बेटावर जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनच्या वळणाचे. बंगालच्या त्या पद्धतीत थर सुकू देतात, कागद पुन्हा पाण्याने भिजवतात, पुन्हा थर देतात. घाई नाही, चकाकीची पकडापकडी नाही. साडी नेसलेली त्यांची मारिया, येशूची आई, धुक्यातून आल्यासारखी दिसते ती त्यामुळे. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. तीच पूड, तोच डिंक, आणि वेळेशी नातं अगदी वेगळं.

फोटो काढून घरी का नाही? आणि आता तर एआय आहे

फोटोवरून काढतातच. मोठं चित्र, २२ बाय ३० इंचांचा पूर्ण कागद, बांधावर बसून क्वचितच होतं. मित्र जागेवर छोटं करतो आणि मोठं घरी. पण छोटं केलेलं नसेल तर नुसत्या फोटोवरून मोठं करायला तो तयार नसतो. कॅमेरा आकाश नीट दाखवायला गेला की झाडाखालची सावली काळी ठिक्कर होते. सावली सांभाळली तर आकाश पांढरं फटक. डोळा दोन्हीकडे फिरतो आणि जुळवून घेतो. त्या काळ्या ठिक्करमध्ये खरं तर जांभळट, हिरवट असं पुष्कळ असतं, आणि ते न बघता काढलेल्या चित्रात सावल्या डांबरासारख्या येतात.

एआयला फोटो दिला की क्षणात जलरंगासारखं चित्र मिळतं, कॉलीफ्लॉवर आणि चहाच्या कडांसकट. मोबाइलवर मीही एकदा फसलो. फरक असा की तिथला कॉलीफ्लॉवर शोभेचा असतो. आकाशात पडेल, तितकाच सहज भिंतीवरही पडेल, कारण तिथे पाणी नाही आणि सुकणंही नाही. पत्रिकेसाठी, स्टेटससाठी ते चालतं, त्यावर नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. पण खऱ्या चित्राचा कागद तिरका धरून बघा. खळग्यात बसलेले निळे दाणे दिसतात. ते छापता येत नाहीत.

तासाभराचं काम, मग एवढी किंमत?

हा प्रश्न उद्धट नाही, रास्त आहे. चांगल्या सुती कागदाचा एक पूर्ण ताव काही शे रुपयांना पडतो आणि बिघडलेलं चित्र पुसून तोच कागद पुन्हा वापरता येत नाही. मित्राच्या हिशोबाने त्याच्या दहांतली दोन-तीन चौकटीपर्यंत जातात. उरलेल्यांच्या मागच्या बाजूवर तो रंगांचे प्रयोग करतो, आणि त्याही पाठी संपल्या की त्याच्या आईचे मसाल्याचे डबे त्या कागदांवर बसतात. भिंतीवरच्या एका चित्राच्या किमतीत हे डब्याखालचे सातही असतात. पाडेली माडावर चढून पाच मिनिटांत नारळ उतरवतो, तेव्हा आपण मिनिटं मोजून पैसे देत नाही.

वाईट, घाईची आणि महाग चित्रंही प्रदर्शनात असतातच, हेही खरं. ओळखायची एक सोपी खूण: पांढऱ्या जागा नीट बघा. मुद्दाम सोडलेली पांढरी जागा टोकदार, नेमकी असते. नंतर पांढरा रंग फासून आणलेली खडूसारखी मंद दिसते. असा रंग लावणं गुन्हा नाही, मोठमोठ्यांनी तो लावलेला आहे. पण चित्रभर तोच असेल तर आधी विचार झाला नव्हता हे कळतं.

भिंतीवर टिकतं का?

रंगद्रव्य पक्कं असेल तर टिकतं. इंग्रज चित्रकार टर्नर १८५१ मध्ये वारला आणि त्याची जलरंगातली चित्रं आजही बघता येतात. सगळीच द्रव्यं सारखी नसतात. अलिझरिन क्रिमसन नावाचा सुंदर किरमिजी रंग उजेडात विटतो, म्हणून विकत घेताना कुठले रंग वापरले ते विचारायला लाजू नये. थेट ऊन नको. काच हवी, पण कागद काचेला टेकता कामा नये, म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालतात.

गोव्यात उन्हापेक्षा भिंतीची ओल वैरी. पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, आणि लावायचंच तर चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवावी. मला हे उशिरा कळलं. रायबंदरचंच एक चित्र मी पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या आकाशात बारीक तपकिरी ठिपके उठले. चूक माझीच होती, म्हणून भीतभीतच मित्राला दाखवलं. त्याने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "राहू दे. मी इथे पाखरं काढणारच होतो, कागद सुकेना म्हणून राहून गेली."